आधी कामाचे पान, मग मुखपृष्ठ

संपादक महोदय,

नवोदित डिझायनरांची कामे लोकांसमोर यावीत म्हणून संस्था, महाविद्यालये आणि प्रदर्शनांचे आयोजक हौसेने वेबसाइट काढतात. पहिल्या वर्षी ती झळकते, दुसऱ्या वर्षी तिच्यावर जुनेच फोटो राहतात आणि पुढे कधीतरी लिंक उघडेनाशी होते. पैसे पुरले नाहीत, असे कारण सर्रास सांगितले जाते. आमच्या मते गडबड त्याच्या बरीच आधी होते. आराखडा मुखपृष्ठापासून काढायला घेतात, इथेच पाऊल चुकते. बैठकांचा सगळा वेळ मोठा फिरता फोटो, बोधवाक्य आणि मान्यवरांचे मनोगत यांत जातो. ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते एका डिझायनरच्या एका कामाचे पान मात्र उरल्या वेळात उरकले जाते.

मुखपृष्ठ पाहणारे थोडेच असतात. नोकरीच्या अर्जासोबत डिझायनर लिंक पाठवते ती तिच्या कामाची. व्हॉट्सॲपवर फिरते तीही एखाद्या कामाचीच. शोधयंत्रातून आलेला माणूसही थेट एखाद्या कामावर उतरतो. येणाऱ्यासाठी कामाचे पान हाच दरवाजा असतो, आणि बहुतेक वेबसाइटींवर नेमका हाच दरवाजा अर्धवट बसवलेला आढळतो: फोटो आहे पण डिझायनरचे नाव नाही, नाव आहे पण तिने त्यात नेमके काय केले ते नाही, आणि तिच्या इतर कामांकडे जायची वाट तर नाहीच.

म्हणून आधी एक खरे काम निवडावे आणि त्याचे पान फोनवर नीट बसवावे. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर, बोट न लावता, चार गोष्टी दिसायला हव्यात: कामाचा मुख्य फोटो, कामाचे नाव, डिझायनरचे नाव, आणि काम कोणत्या प्रकारचे व कोणत्या वर्षाचे. त्याखाली अडचण काय होती, मर्यादा कोणत्या होत्या, वाटेत काय बदलले आणि शेवटी काय हाती आले, एवढे २०० ते ३०० शब्दांत यावे. तरुण डिझायनरांची भाषा इथे हमखास घसरते. समजा, एकीने खिळ्यांशिवाय जोडता येणारे स्टूल केले आहे. पानावर ती लिहिते, ‘आधुनिक जीवनशैलीसाठी अभिनव आसनव्यवस्था’. यातून कोणाला काहीच कळत नाही. तेच काम असे लिहून पाहा: ‘१२ मिमी प्लायवूड, बैठक ४२० × ३२० मिमी, उंची ४५० मिमी, वजन सुमारे ४ किलो. पाच तुकडे, एकमेकांत अडकणाऱ्या खाचा, अवजार लागत नाही. दुसऱ्या नमुन्यात खाच १२ मिमीच ठेवली होती. प्लायवूड प्रत्यक्षात थोडे जाड निघाले आणि तुकडे बसेनात. म्हणून तिसऱ्यात खाच १२.४ मिमी केली.’ हे वाचणाऱ्या कारखानदाराला या मुलीला काम समजते हे लगेच कळते. असे लिहून घ्यायचे तर फॉर्ममध्ये ‘वर्णन’ नावाचा एकच रिकामा चौकोन देऊन भागत नाही. प्रश्न विचारावे लागतात: मापे काय? साहित्य कोणते? काय फसले? त्यावर काय केले?

‘माझी भूमिका’ हा रकाना सक्तीचा असावा. शिकतानाची बहुतेक कामे चौघे-पाचजण मिळून करतात. वेबसाइटवर एका कामाला एकच मालक देता येत असेल, तर तेच काम चौघांच्या चार खात्यांतून चढते, चार ठिकाणी वेगवेगळे श्रेय लिहिले जाते आणि भांडणे लागतात. यावरचा उपाय डेटाबेसच्या रचनेतच आहे. ‘काम’ आणि ‘व्यक्ती’ या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि दोघांना जोडणारी तिसरी नोंद ‘भूमिके’ची असावी: संकल्पना, आरेखन, नमुना, छायाचित्रण, प्रोग्रॅमिंग, मार्गदर्शन. एकाने काम चढवले की बाकीच्यांना निरोप जावा आणि त्यांनी होकार दिल्यावरच त्यांचे नाव झळकावे. हे नंतर बसवायला गेले तर सगळे जुने काम पुन्हा लावावे लागते, म्हणून ते पहिल्याच दिवशी ठरवावे. लाकूडकाम करून देणाऱ्याचे, शिवून देणाऱ्याचे, ब्लॉक कोरणाऱ्याचे नावही त्या यादीत हवे. ते राहून जाते आणि आम्हाला ते मनापासून खटकते.

आता फोटो. या विषयावर जरा जास्त लिहितो, कारण डिझायनरांच्या वेबसाइटीची अब्रू इथेच जाते.

फोनच्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा आणि ३ ते ५ एमबी वजनाचा असतो. कामांच्या यादीच्या एका पानावर असे २४ फोटो जसेच्या तसे लावले तर पान १०० एमबीच्या घरात जाते. त्या यादीत फोनवर दिसणाऱ्या चौकटीला प्रत्यक्षात ४०० पिक्सेल रुंदी पुरते आणि नीट दाबलेली तशी फाइल ३०-४० केबीत बसते. म्हणजे सगळे पान १ एमबीच्या आसपास. यासाठी डिझायनरकडून मूळ मोठी फाइल एकदाच घ्यावी आणि सर्व्हरने तिच्या ४००, ८००, १२००, १६०० आणि २४०० पिक्सेल रुंदीच्या प्रती आपोआप काढाव्यात. कोणत्या पडद्याला कोणती प्रत द्यायची हे ब्राउझर स्वतः ठरवतो, फक्त एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना ब्राउझरला सांगणाऱ्या मजकुरात, सर्व प्रतींची यादी द्यावी लागते. एव्हीआयएफ आणि वेबपी या नव्या स्वरूपांत फाइल जेपेगपेक्षा बरीच हलकी होते. जुन्या ब्राउझरसाठी जेपेग मागे ठेवावी. लहान फोटो ताणून मोठा मात्र कधीच करू नये. बारीक रेघांची आरेखने, अक्षरे असलेल्या ॲपच्या पडद्यांची चित्रे जेपेगमध्ये कडांना डागाळतात. त्यांना पीएनजी किंवा दर्जा न घटवणारी वेबपी बरी.

या प्रती काढताना क्रम चुकला की तीन ठरलेले घोटाळे होतात. पहिला, आडवे पडलेले फोटो. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी नोंद एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहिलेल्या तपशिलांत असते. सर्व्हरने ती माहिती पुसली आणि फोटो मात्र फिरवला नाही, तर उभा पोस्टर कुशीवर पडलेला दिसतो. दुसरा, मलूल रंग. नव्या फोनचे फोटो अनेकदा ‘डिस्प्ले पी३’ या विस्तृत रंगव्याप्तीत (रंगांच्या पल्ल्यात) असतात, छायाचित्रकारांच्या फाइली ‘अडोबी आरजीबी’त. फाइलमधले आकडे कोणत्या रंगव्याप्तीचे आहेत हे सांगणारी चिठ्ठी, म्हणजे कलर प्रोफाइल, फाइलमध्येच असते. वजन वाचवण्यासाठी ती फेकून दिली की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगव्याप्तीचे समजतो आणि गर्द लाल विटकरीकडे झुकतो. कापडाचे किंवा छपाईचे काम करणाऱ्या मुलीसाठी रंग हेच काम असते. तिचा रंग वेबसाइटने बिघडवणे म्हणजे तिचे काम बिघडवणे. तिसरा घोटाळा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशेबाने रंग साठवणाऱ्या फाइलींचा. छपाईसाठी तयार केलेली जेपेग तशीच चढवली आणि तिचे रूपांतर ढोबळपणे झाले, तर रंग भडक होतात, कधी चक्क उलटे होतात.

क्रम असा ठेवावा: आधी फोटो सरळ फिरवणे, मग प्रोफाइल वाचून एसआरजीबीत रूपांतर, मग आकार लहान करणे, आणि सर्वांत शेवटी खासगी माहिती पुसणे. शेवटची पायरी विसरू नये. एक्झिफमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि तरुण मुलामुलींचे बरेचसे फोटो घरी काढलेले असतात. कर्त्याचे नाव आणि हक्काची नोंद हे रकाने मात्र पुसू नयेत. आयफोन २०१७पासून फोटो एचईआयसी स्वरूपात साठवतो आणि ते बहुतेक ब्राउझरांना उघडत नाही. ‘हे स्वरूप चालत नाही’ असे सांगून मुलांना परत पाठवण्याऐवजी सर्व्हरनेच ते बदलून घ्यावे. एसव्हीजी फाइल दिसायला चित्र असली तरी तिच्यात स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम, लपवता येते. ती तपासून, साफ करूनच दाखवावी, किंवा सरळ तिचे पीएनजी करून लावावे.

यादीत सगळे फोटो चौकोनी कापण्याची चाल आहे. पान नीटनेटके दिसते हे खरे, पण उभ्या पोस्टरचे शीर्षक उडते, पोशाखाची किनार जाते, खुर्चीचे पाय जातात. एकतर ओळीतल्या सगळ्या फोटोंची उंची सारखी ठेवून रुंदी मोकळी सोडावी, किंवा कापायचेच असेल तर फोटोचा कोणता भाग राहिला पाहिजे ते डिझायनरला बोटाने दाखवू द्यावे.

पानाचा पहिला फोटो ताबडतोब यावा आणि खालचे फोटो स्क्रोल करत पोचल्यावर उतरावेत. सगळ्याच फोटोंना ‘नंतर उतरव’ असे सांगून ठेवणे ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे पहिला फोटोच उशिरा येतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये आधीच लिहावी, म्हणजे फोटो आल्यावर मजकूर खाली ढकलला जात नाही आणि बोट भलत्याच बटणावर पडत नाही. गूगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ या मोजपट्टीत पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि पानाच्या उड्या ०.१ या गुणांकाच्या आत राहाव्यात अशी अपेक्षा आहे. १०० पैकी ७५ भेटींत हे जमले तर पान चांगले मानतात. मोजायचे ते साध्या फोनवर आणि मंद नेटवर. कार्यालयातल्या जलद जोडणीवर सगळ्याच वेबसाइटी धावतात.

सगळ्या विद्याशाखांना एकच साचा लावू नये. फर्निचरला शेजारी माणूस उभा असलेला एक फोटो हवा, नाहीतर आकाराचा अंदाज येत नाही. पोशाखाला समोरून, मागून आणि शिवणीचा जवळून, असे तीन फोटो हवेत. फाँट करणाऱ्याच्या पानावर वाचकाला स्वतःचे शब्द टाइप करून पाहता आले पाहिजेत. ॲपचा पडदा स्थिर फोटोत कळत नाही. आवाजाशिवाय चालणारा २०-३० सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. पोर्टफोलिओची पीडीएफ जोडायला हरकत नाही, पण मुख्य काम पीडीएफवर सोडू नये. आडव्या पानांतली अक्षरे फोनवर मुंगीएवढी होतात आणि वाचक दोन बोटांनी ताणत बसतो.

कामाचे पान बसले की चढवण्याचा फॉर्म घ्यावा. वेबसाइट पाहणाऱ्यांसाठी सगळे झटतात, भरणाऱ्यांना कोणी विचारत नाही. मग पाने रिकामी राहिली की ‘मुले उत्साहीच नाहीत’ असा ठपका येतो. फॉर्म फोनवर, तुटक नेटवर भरला जाणार हे गृहीत धरावे. प्रत्येक रकाना भरताच तो आपोआप जतन व्हावा. अर्ध्या तासाने लॉगिन संपले आणि लिहिलेले सगळे गेले, तर ती व्यक्ती पुन्हा येत नाही. मोठी फाइल मध्येच तुटली तर जिथे थांबली तिथून पुढे सुरू व्हावी. सुरुवातीला तीनच गोष्टी मागाव्यात: एक फोटो, कामाचे नाव, स्वतःची भूमिका. एवढ्यावर कच्चे पान तयार करून दाखवावे आणि बाकीचे सावकाश भरू द्यावे. नावासाठी पहिले, मधले, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने नकोत; ‘नाव कसे दाखवायचे’ हा एकच रकाना पुरतो. नावे सगळ्यांची एकाच घडणीची नसतात. चूक दाखवताना ‘अवैध माहिती’ असे लाल अक्षरांत पानाच्या डोक्यावर लिहिण्यापेक्षा त्या रकान्याखालीच सांगावे: ‘हा फोटो २६ एमबीचा आहे, मर्यादा २० एमबी आहे. लहान करून पुन्हा निवडा, बाकीचे भरलेले तसेच आहे.’

चढवलेले काम तपासायला महिना लावला तर फॉर्म कितीही चांगला असून उपयोग नाही. तपासणी जुजबी असावी: काम स्वतःचे आहे ना, भूमिका लिहिली आहे ना, फोटो उघडतात ना, आक्षेपार्ह काही नाही ना. सात दिवसांत उत्तर जावे आणि नकार असेल तर कारणासह. आवडनिवड मुखपृष्ठावर दाखवावी, संग्रहात नको. मुखपृष्ठावरची कामे कोणीतरी नाव देऊन, दोन ओळींची टिपणी लिहून निवडावीत. संग्रहात मात्र नियम पाळणारे प्रत्येक काम असावे, कारण आज कच्चे वाटणारे काम दुसऱ्या कोणाला नेमके हवे असते.

यादीचा क्रम हा न्यायाचा प्रश्न आहे. ‘लोकप्रिय आधी’ असे ठेवले की वर असलेलेच पाहिले जाते, म्हणून आणखी वर जाते, आणि उशिरा आलेला कायम तळाशी राहतो. ‘नवे आधी’मध्ये दोन आठवड्यांनी प्रत्येक काम बुडते. आम्हाला रोज बदलणारा यादृच्छिक क्रम सर्वांत रास्त वाटतो. पण तो करताना एक खोच आहे. पान उघडण्याच्या प्रत्येक विनंतीला क्रम नव्याने पिसला, तर पहिल्या पानावर पाहिलेली कामे दुसऱ्या पानावर पुन्हा येतात आणि काही कामे कुठल्याच पानावर येत नाहीत. पिसताना त्या दिवसाची तारीख बीज, म्हणजे ज्यावरून क्रम निघतो तो आकडा, म्हणून वापरावी, म्हणजे दिवसभर सगळ्यांना एकच क्रम दिसतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बदलतो. पसंतीचे आकडे उघड दाखवू नयेत. शून्य पसंती हे विशीतल्या मुलाच्या कामाखाली लिहायचे वाक्य नाही.

शेवट नसलेली यादी, जी स्क्रोल करू तशी वाढतच जाते, तीही टाळावी. काम उघडून मागे आले की माणूस पुन्हा पहिल्या ओळीवर फेकला जातो आणि पानाच्या तळाचे संपर्काचे दुवे कधीच हाती लागत नाहीत. एका पानावर २४ कामे ठेवावीत (२४ला २, ३ आणि ४ने भाग जातो, त्यामुळे पडद्यानुसार ओळीत दोन, तीन किंवा चार कामे बसवली तरी शेवटची ओळ तुटकी राहत नाही) आणि खाली ‘आणखी दाखवा’ हे बटण द्यावे. लावलेल्या चाळण्या (फिल्टर) आणि पानाचा क्रमांक वेबपत्त्यात उतरला पाहिजे, म्हणजे तीच यादी दुसऱ्याला पाठवता येते. मुख्य विद्याशाखा १०-१२पेक्षा जास्त नकोत. मोकळे टॅग लिहू दिले की ‘पोस्टर’, ‘पोस्टर्स’, ‘भित्तिपत्रक’ असे तीन वेगळे ढीग होतात. म्हणून टॅग ठरलेल्या यादीतून निवडू द्यावेत आणि नवा हवा असेल तर सुचवायची सोय ठेवावी.

मराठीत शोध चालवायचा तर वेगळी तयारी लागते. ‘डिझाइन’, ‘डिझाईन’ आणि ‘डिजाइन’ ही तिन्ही रूपे लोक लिहितात. ‘ऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यावे आणि समानार्थी शब्दांची एक यादी हाताने बनवावी. २०० शब्दांची यादीही खूप काम करते. काहीच सापडले नाही तर कोरे पान दाखवू नये. जवळच्या विद्याशाखा सुचवाव्यात आणि लोकांनी काय शोधले होते याची नोंद ठेवावी. समानार्थी यादीत पुढचे शब्द त्या नोंदीतूनच मिळतात.

देवनागरीबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवावे. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिले आहेत, ते या नोंदीमुळेच बाहेर येतात, एरवी हिंदी वळण दिसते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांतली चाल इथे आणू नये, शिरोरेषा तुटते. ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट ठेवावे, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. फाँट हलका करण्यासाठी त्यातली चिन्हे कमी करताना जोडाक्षरांचे नियम उडाले, तर ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ दिसतो. असा फाँट लावण्याआधी ‘उत्कृष्ट’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञान’, ‘स्त्री’ असे शब्द टाकून पाहावे.

फिकट राखाडी अक्षरे डिझायनरांना फार प्रिय असतात आणि उन्हात फोन धरणाऱ्याला ती दिसत नाहीत. वेब सुलभतेच्या जागतिक निकषांनुसार नेहमीच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी ठळकपणा किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांचा ३ : १ असावा. २०२३मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत बटणांसाठी किमान २४ × २४ पिक्सेलची अट आली; बोटासाठी ४४ असेल तर उत्तमच. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त काळ हलत राहणाऱ्या गोष्टींना थांबवण्याची सोय हवी. फिरत्या फोटोंची पट्टी बैठकीत इतकी लाडकी असते, पण तिच्यातला चौथा फोटो पाहायला कोणी थांबत नाही. ती काढूनच टाकावी. न पाहू शकणाऱ्यांसाठी प्रत्येक फोटोचे शब्दवर्णन डिझायनरकडूनच घ्यावे. ‘स्टूल’ एवढे पुरत नाही. ‘स्टूलचे पाचही तुकडे जमिनीवर सुटे मांडलेले, खाचा वरून दिसतात’ असे लिहावे.

हक्कांबाबत एक इशारा चढवण्याच्या फॉर्मवरच, ठळक द्यावा. वस्तूच्या रूपाची, म्हणजे डिझाइनची, कायदेशीर नोंदणी मिळण्यासाठी ते नवे असावे लागते, आणि बऱ्याच देशांत अर्ज करण्याआधी ते जाहीर झाले तर नवेपण संपते. युरोपीय संघात आणि अमेरिकेत १२ महिन्यांची सवलत आहे, सगळीकडे तशी नाही. वेबसाइटवर चढवणे म्हणजे जाहीर करणेच. ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांना पान तयार करून ‘अजून लपवलेले’ ठेवता आले पाहिजे. प्रशिक्षणार्थी म्हणून कंपनीत केलेले काम चढवण्याआधी लेखी परवानगी लागते, हेही तिथेच विचारावे. इतरांनी काम कसे वापरायचे यासाठी ‘सर्व हक्क राखीव’ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी एक असा पर्याय डिझायनरने निवडावा. संस्थेने ‘चढवलेले सर्व आमचे’ असे बारीक अक्षरांत लिहून ठेवणे अन्यायाचे आहे. त्या अटीला तरुण नकळत होकार देतात.

संपर्कासाठी ईमेल किंवा मोबाइल क्रमांक उघडा टाकू नये. वेबसाइटने निरोप घेऊन डिझायनरला पोचवावा. इथेही एक तांत्रिक गफलत नेहमी होते: निरोप पाठवणाऱ्याचाच ईमेल ‘प्रेषक’ म्हणून लावला जातो, ते पत्र त्याच्या डोमेनच्या (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावाच्या) परवानगीशिवाय आलेले ठरते आणि स्पॅममध्ये जाते. प्रेषक वेबसाइटचा स्वतःचा पत्ता असावा आणि पाहुण्याचा पत्ता ‘उत्तर इथे’ या जागी ठेवावा. पत्र खरेच त्या डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तिन्ही नोंदी डोमेनवर कराव्यात. पहिल्या नोकरीचा निरोप स्पॅममध्ये सडून गेला तर ते कोणाला कळतही नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी थेट संपर्क बंद ठेवून निरोप पालक किंवा शिक्षकांमार्फत जावा.

चाचणीसाठी मोठा खर्च लागत नाही. वेबसाइटींच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २०००मध्ये मांडले होते की पाच जणांना वापरायला देऊन पाहिले तरी वापरातल्या बहुतेक अडचणी उघड होतात, आणि एकाच मोठ्या चाचणीपेक्षा अशा छोट्या फेऱ्या पुन्हा पुन्हा घेणे बरे. आपल्याकडे दोन गट आहेत, पाहणारे आणि चढवणारे, म्हणून पाच-पाच जण वेगळे घ्यावेत. पहिल्या गटाला सांगावे, ‘फर्निचर करणारी आणि सध्या काम घेणारी व्यक्ती शोधा, तिला निरोप पाठवा.’ दुसऱ्याला, ‘तुमचे एक काम तुमच्याच फोनवरून चढवा.’ मग गप्प बसावे. मदत करायची नाही, ‘तिकडे बटण आहे’ म्हणायचे नाही. कुठे अडले, किती वेळ लागला, काय पुटपुटले ते लिहायचे. ही चाचणी उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात घेऊ नये, तेव्हा बदलायला वेळ उरत नाही. कागदावर काढलेल्या पडद्यांवरही ती घेता येते.

राहिला प्रश्न टिकण्याचा. डोमेन संस्थेच्या नावावर असावे. ते विद्यार्थ्याच्या, शिक्षकाच्या किंवा वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खासगी खात्यावर असले की तो माणूस गेला आणि नूतनीकरणाची सूचना न वाचलेल्या पेटीत पडून राहिली, असे होते. सूचना किमान तिघांना जाव्यात. कामाच्या पत्त्यात संस्थेच्या विभागाचे नाव, सत्राचे नाव असले काही घालू नये, ते बदलते. वर्ष आणि क्रमांक पुरतो. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर कायमचे वळण ठेवावे, कारण ती लिंक कोणाच्या तरी अर्जात आधीच गेलेली असते. वर्ष संपले की त्या वर्षाची पाने डेटाबेसशिवाय चालणाऱ्या साध्या एचटीएमएल फाइलींत काढून ठेवावीत. पुढे मूळ प्रणाली बंद पडली तरी त्या फाइली अगदी साध्या होस्टिंगवर उघडतात. प्रत्येक डिझायनरला आपले सगळे काम मूळ फोटोंसह एका झिप फाइलीत उतरवून घेता यावे, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागू नये.

वर्षातून एकदा प्रत्येकीला-प्रत्येकाला एक ईमेल जावा: तुमचे पान असे दिसते आहे. त्यात तीन बटणे असावीत, ‘बरोबर आहे’, ‘संपर्क बंद करा’, ‘पान काढा’. तिसरे बटण दाबल्यावर पान लगेच अदृश्य व्हावे, ३० दिवस मागे ठेवून नंतर सर्व प्रतींसह पुसले जावे, आणि त्या कामात आणखी कोणी जोडलेले असतील तर पुसण्याआधी त्यांना कळावे. त्यांचे पान राहील, फक्त एक नाव कमी होईल.

आपले,
वेबसाइटींची आखणी आणि बांधणी करणारे काही वाचक